आई-बाबांचा पहिला युरोप : मुक्कामाचं गणित

(श्टुटगार्ट इथल्या मराठी मंडळात दिलेलं व्याख्यान)



मंडळाने विषय दिला तो असा : पहिल्यांदा परदेशी येणाऱ्याने चार-सहा शहरांचा प्रवास दमछाक न होता कसा आखावा. मी चिंचवडला राहतो. आमच्या भागातल्या निवृत्त मंडळींचे प्रवास आखून देणं हेच माझं काम, म्हणून विषयाला मी तिकडूनच हात घालणार आहे. निगडी, आकुर्डी, भोसरी, चाकण, तळेगाव इथून आलेले बरेच जण समोर बसलेत, हे मघाशी चहाच्या वेळी कळलं. तुमच्यातल्या अनेकांचे आई-बाबा येत्या उन्हाळ्यात पहिल्यांदा इथे येणार आहेत. टेल्को, बजाज टेम्पो, एसकेएफ, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स अशा ठिकाणी पाळ्या करून निवृत्त झालेला माणूस आणि जन्मभर त्या पाळ्यांच्या वेळा सांभाळत डबे भरणारी त्याची बायको. वय पासष्टच्या आसपास, गुडघे थोडे कुरकुरणारे, पासपोर्ट कोरा. आज मी या दोघांबद्दलच बोलणार आहे.

त्यांनी आजवर कसला प्रवास केलाय, ते आधी बघू. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. रविवारी मुलं घरी, तर बाप पाळीवर. त्यामुळे सगळं घर मिळून बाहेर पडलंय, असं क्वचितच झालं. वर्षाची रजा साठवायची ती गावच्या जत्रेसाठी, पेरणीसाठी, बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी. गाव साताऱ्याकडचं, नगरचं, लातूरचं, नाहीतर खानदेशातलं. सहल म्हणून जी झाली ती सोसायटीच्या बसने अष्टविनायकाची. दोन दिवसांत आठ गणपती. पहाटे निघायचं, रांगेत उभं राहायचं, दर्शन घ्यायचं, पुन्हा बसमध्ये. देवदर्शनाला ते चालतं, कारण तिथे डोकं टेकलं की येण्याचं सार्थक होतं. रोममध्ये किंवा पॅरिसमध्ये तसं होत नाही. तिथे जरा रेंगाळल्याशिवाय हाताला काही लागत नाही. पण युरोपची यादी करायला बसलं की हात जुन्याच सवयीने चालतो. आणि यादी आई-बाबा करत नाहीत, तुम्ही करता.

माझ्याकडे येणारी यादी साधारण अशी असते : पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, झ्युरिक, लुत्सेर्न, इंटरलाकेन, मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, व्हिएन्ना, प्राग. बारा शहरं, चौदा रात्री. सोबत निरोप : "पुन्हा कधी येतील सांगता येत नाही, सगळं दाखवायचंय." या वाक्यातली माया मला कळते. पण आकडे बघा. हॉटेल सोडायचं सकाळी अकराच्या आत, पुढची खोली हातात येणार दुपारी तीनला. मधले तास बॅगा राखण्यात, फलाट शोधण्यात आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात. म्हणजे प्रत्येक बदलाला अर्धा दिवस गेला. बारा शहरांत अकरा बदल, साडेपाच दिवस. चौदातले साडेपाच दिवस तुम्ही आई-बाबांना रेल्वे स्टेशनं दाखवलीत.

म्हणून मी रात्री मोजतो. एका गावी दोन रात्री राहिलात तर बघायला एक पूर्ण दिवस मिळतो, तीन राहिलात तर दोन. एका रात्रीत काहीच मिळत नाही, फक्त पलंग बदलतो. पासष्टीच्या माणसाला पहिल्या परदेश प्रवासात मी कुठेही तीन रात्रींपेक्षा कमी ठेवत नाही, मोठ्या शहरात चार. असं केलं की बारा शहरांची चार होतात आणि फोनवर पलीकडून मुलगा नाराज होतो. त्याला मी वारीचं वेळापत्रक बघायला सांगतो.

तुकोबांची पालखी देहूहून निघते ती आमच्या निगडी-आकुर्डीवरून. १६८५ साली त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनी ही प्रथा सुरू केली असं मानतात. तिकडे आळंदीहून माउलींची पालखी निघते. पंढरपूर जवळपास अडीचशे किलोमीटर, आणि चालणाऱ्यांत साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं हजारोंनी. ही माणसं पोचतात त्यामागे भक्ती आहेच, पण नीट बसवलेले मुक्कामही आहेत. प्रस्थानाच्या दिवशी पालखी दूर जात नाही. देहूत इनामदारवाड्यात आणि आळंदीत आजोळघरी, गावातल्या गावातच पहिली रात्र होते. दुसऱ्या दिवशी तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरापर्यंतच येते. पुढे पुण्यात दोन मुक्काम. माउलींची पालखी पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला जाते, तो सगळ्यांत मोठ्या टप्प्यांतला एक. त्यानंतर सासवडलाही साधारणपणे दोन मुक्काम असतात. निघताना पाऊल आखूड, आणि मोठ्या टप्प्यानंतर लगेच थांबणं. कपडे धुवायचे, पायाला तेल चोळायचं, ओळखीच्या घरी जेवायचं. शेकडो वर्षांच्या पायपिटीतून हे वेळापत्रक ठरत गेलंय आणि तुमच्या आई-बाबांच्या रक्तात ते आहे. त्यांच्यासाठी प्रवास आखताना मला दुसरा नकाशा लागत नाही.

आता ते श्टुटगार्टला लावून बघू.

प्रस्थान चिंचवडच्या घरातून होतं. युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. एक्स्प्रेस वेवर बोरघाटात गाडी कधी अडकेल सांगता येत नाही, म्हणून माणसं दुपारीच घर सोडतात. आदल्या रात्री आवराआवरीत झोप नाही, विमानात नाही. इथे सकाळी उतरतात तेव्हा दोन रात्रींचं जागरण अंगात असतं. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर फोटोसकट नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, तिथे वेळ जातो. म्हणून फ्रँकफर्टला पुढचं विमान किंवा रेल्वे तासा-दीड तासाच्या अंतराने घेऊ नका. विमान कंपनीकडे व्हीलचेअरची मदत तिकिटाबरोबरच मागून ठेवा. त्यात संकोच कसला? फ्रँकफर्टचा विमानतळ पायांनी कापायचा म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे.

उन्हाळ्यात आपली घड्याळं जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतात, हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे संध्याकाळी सातलाच त्यांचे डोळे मिटू लागणार आणि पहाटे साडेतीनला जाग येणार. चहा, साखर आणि गॅसचं बटण कुठे आहे, ते आदल्या रात्री दाखवून ठेवा. पहिले चार-पाच दिवस घराच्या आसपासच. रोज उजेडात थोडं चालणं, कोपऱ्यावरची बेकरी, नातवाची शाळा. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी पॅरिसची गाडी धरणारं वेळापत्रक माझ्याकडे आलं तर मी ते परत पाठवतो.

त्यानंतरचा माझा आग्रह असा की एक मोठा दौरा करूच नका. चौदा दिवस सलग फिरण्याची सक्ती हॉटेलात राहणाऱ्या पर्यटकाला असते. तुमचे आई-बाबा दोन-तीन महिने राहणार आहेत. त्यांच्यासाठी पाच-सहा दिवसांचे दोन छोटे प्रवास करा आणि मधे आठ-दहा दिवस घर ठेवा. घरचा वरणभात, स्वतःचा पलंग, धुतलेले कपडे. पुण्या-सासवडचे दोन मुक्काम ते हेच. श्टुटगार्टहून पॅरिस थेट गाडीने तीन तासांच्या थोडं वर. चार रात्री राहा आणि परत या. दुसऱ्या खेपेला लुत्सेर्न : झ्युरिकपर्यंत तीन तासांच्या आसपास आणि पुढे तासाभराच्या आत. तिथेही चार रात्री. एकाच खोलीत राहून एक दिवस सरोवर, एक दिवस डोंगर, एक दिवस काहीच नाही. इटली हवीच असेल तर गोटहार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून मिलान आणि पुढे व्हेनिस किंवा फ्लॉरेन्स, दोन्ही नव्हे. ज्यांची मुलं इथे नाहीत आणि जे स्वतःच चौदा-पंधरा दिवसांसाठी येतात, त्यांनी एका शहरात उतरावं आणि दुसऱ्यातून परतावं. पॅरिसला उतरून रोमहून निघालात तर मागे फिरण्याचा एक दिवस वाचतो.

डोंगराबद्दल एक सांगायलाच हवं. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे दुपटीहून जास्त उंचीवर रेल्वे बसल्या बसल्या नेऊन सोडते, आणि हवा विरळ झाल्याचं शरीराला उशिरा कळतं. रक्तदाब किंवा हृदयविकाराच्या गोळ्या चालू असतील तर घरच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. ते नको म्हणाले तर सरोवरातली बोट आणि कमी उंचीचा एखादा डोंगर यांतही स्वित्झर्लंड पुरेपूर आहे.

वारांचं भान ठेवा. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी बंद, फ्लॉरेन्सचं उफीझी सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं शेवटचा सोडून बाकीच्या रविवारी बंद. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी दूध-भाजी भरून ठेवायची हे तुम्हाला सांगायला नको. एका दिवसात तिकिटाची एकच मोठी गोष्ट ठेवा, तीही सकाळी. दुपारी परत खोलीवर येऊन पाय वर करून पडायचं, संध्याकाळी फक्त भटकायचं. जूनमध्ये पॅरिसला सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. आमच्याकडे सव्वासातला दिवे लागतात. उजेड आहे म्हणून माणूस चालत राहतो आणि रात्री पोटऱ्या धरून बसतो. संध्याकाळचा शेवट उजेडावर सोडू नका, घड्याळ बघून ठरवा.

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. वाटेत "बाबा, दमलात का?" असं विचारू नका. उत्तर "नाही" असंच येणार. मुलाने रजा टाकलीय, तिकिटं काढलीत, आणि प्रत्येक तिकिटावरचा युरो मनातल्या मनात रुपयांत फिरवून झालाय. त्यांच्या दृष्टीने दमणं म्हणजे तुमचे पैसे वाया घालवणं. ज्या माणसाने रात्रपाळी करून सकाळी रेशनच्या रांगेत उभं राहून दिवस काढलेत, तो व्हेनिसच्या पुलांवर पाय दुखतात असं कबूल करणार नाही. आई तर मुळीच नाही. म्हणून विसावा वेळापत्रकातच लिहून ठेवा : बुधवार, काहीही नाही. मोकळा दिवस आधीच ठरलेला असला की तो कुणासाठी घेतला, हा प्रश्न उरत नाही आणि कुणाला ओशाळं वाटत नाही. खोली घेताना स्वयंपाकाचा ओटा आणि कपडे धुण्याचं यंत्र असलेलं घर घ्या. तिसऱ्या दिवशी खिचडी-पापड मिळाला की चौथा दिवस आपोआप चांगला जातो.

काय दाखवायचं, याबद्दलही माझं मत आहे. पाचवं चर्च वगळा आणि वडिलांना नेकारच्या काठावरच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयात अख्खा दिवस द्या. सोमवारी ते बंद असतं. लिफ्टने थेट वर जायचं आणि उतारावरून हळूहळू खाली यायचं, अशीच ती इमारत बांधली आहे, त्यामुळे गुडघ्यांनाही सोपं. पण कारण तेवढंच नाही. १९५४ साली टेल्कोने डायम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. तो करार १९६९ पर्यंत चालला. पुढे टेल्कोचा पिंपरीचा कारखाना उभा राहिला आणि १९९५ मध्ये मर्सिडीजची भारतात जुळवलेली पहिली गाडी पिंपरीतच बाहेर पडली. चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९चा. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची सुरुवात १९५८ची, हांबुर्गच्या टेम्पो कंपनीशी हातमिळवणी करून झालेली. ज्या माणसाने तीस वर्षं या नावांच्या ड्रॉइंगवरून सुटे भाग घडवले, त्याला त्या ड्रॉइंगचं मूळ गाव दाखवणं हा त्याच्या नोकरीचा सन्मान आहे. आयफेल टॉवर तो तुमच्या आनंदासाठी बघेल. इथे तो तुम्हाला हाताला धरून नेईल आणि गिअरबॉक्स समजावून सांगेल. घाई करू नका, ऐकून घ्या.

आईचा दिवस वेगळा काढा. गावातलं मार्क्टहाले १९१४पासून उभं आहे. भाज्या, मसाले, फुलं, चीज. तिथे तिला सोडा आणि भाव विचारू द्या, भाषा येवो न येवो. बाळंतपणाला आलेल्या आयांबद्दल तर मला कळकळीने बोलायचंय. आमच्याकडच्या कितीतरी बायकांचा पहिला परदेश म्हणजे लेकीचं किंवा सुनेचं बाळंतपण. नव्वद दिवस डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाची आंघोळ आणि स्वयंपाकघराची खिडकी. परत आल्यावर शेजारणी विचारतात, काय काय पाहिलंस, आणि तिच्याकडे सांगायला हॉस्पिटलचा रस्ता असतो. तिचे दिवस ठरवताना शेवटचा आठवडा तिच्या नावाने लिहून ठेवा. वडिलांना मागाहून बोलवा. दोघांना बोडनझे सरोवराच्या काठी तीन रात्री पाठवा. तुम्ही नाही गेलात तरी चालेल.

किंबहुना तुम्ही नसलेलाच बरा, असा एक तरी दिवस असू द्या. सुरुवात जवळून करा. एस-बानने लुडविग्सबुर्गचा राजवाडा किंवा एसलिंगेनचं जुनं गाव, सकाळी जाऊन दुपारी परत. खिशात घरचा पत्ता आणि फोन नंबर जर्मनमध्ये लिहिलेला कागद, सुटी नाणी आणि उतरायच्या स्टेशनाचं नाव. डॉइचलांडटिकीट काढून दिलंत तर आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या सोडून बाकी स्थानिक गाड्यांना चालतं. मात्र ते वर्गणीसारखं असतं. थांबवायचं असेल तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. असा एक प्रवास दोघांनी स्वतःहून पार पाडला की पुढच्या शहरात ते तुमच्या मागे मागे चालत नाहीत, बरोबरीने चालतात.

सहल कंपन्यांबद्दल विचारणा होते. माझा त्यांना विरोध नाही. केसरी १९८४ मध्ये सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ मध्ये. मराठीत बोलणारा सोबती आणि सोबत आपलं जेवण, यांमुळे इंग्रजीचा धसका घेतलेली हजारो माणसं या अशा कंपन्यांच्या बरोबर पहिल्यांदा विमानात बसली. ज्यांचं इथे कुणी नाही, त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. पण सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला बस, ही चाल चाळीस जणांच्या गटाची असते. घरात मुलगा-सून असताना ती चाल घ्यायचं कारण नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यासाठी भेटीची वेळ मिळणं अवघड जातं, म्हणून जितक्या लवकर जमेल तितकं बरं. जिथे सगळ्यांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. दुसऱ्या देशाची वेळ लवकर मिळते म्हणून तिकडे करू नका. तुम्ही आउसलेंडरबेहोर्डमधून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून, हमीपत्र काढणार असाल, तर तिथेही वेळ घ्यावी लागते. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब त्यात येतो का, ते पॉलिसी उघडून वाचा. मुक्काम १८० दिवसांत ९० दिवसांचा, आणि त्यात येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरतात. लंडनला मावशीकडे जायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा. शिवाय शेंगेनचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर लंडनहून परत आत येता येणार नाही. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. आणि आईला आधीच सांगा की दूध-मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपीय संघात बंदी आहे. घरचं तूप आणि पेढे नियमात बसत नाहीत, सामानातून काढले जातात. बाकरवडी, चटणी, मेतकूट, भाजणी खुशाल आणू दे.

परतीच्या आधी दोन-तीन रात्री घरीच ठेवा, फिरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी विमान नको. बॅगांचं वजन करायला आणि शेजाऱ्यांसाठी चॉकलेटं घ्यायला वेळ लागतो. मुंबईला विमान उशिरा रात्री उतरत असेल तर घाटातून तसंच चिंचवडला जाण्यापेक्षा रात्र मुंबईत काढून सकाळी निघणं बरं.

ज्यांच्या आई-बाबांच्या तारखा ठरल्या आहेत, त्यांनी जेवणानंतर कॅलेंडर आणि गोळ्यांची यादी घेऊन मागच्या टेबलापाशी यावं. तिकिटं काढली नसतील तर फारच उत्तम. एकेका घराचे मुक्काम आपण तिथे बसूनच मांडू.